खळ्यावरचे उलटे फेर

मी काय काम करते हे आमच्या वाडीत अजून कुणाला नीट सांगता आलेलं नाही, मलासुद्धा. शेजारच्या काकू विचारतात तेव्हा माझ्या वतीने सासूबाईच उत्तर देऊन टाकतात, "ती जमिनीचे फोटो काढते." काकू मान डोलावतात. त्यांची समजूत अशी की मी सरकारी मोजणीच्या खात्यात आहे आणि कधीतरी त्यांच्या बांधाचा निकाल लावून देईन.

खरं तर मी व्हिडिओ गेमसाठी टेक्श्चर बनवते. गेममधला माणूस ज्या भिंतीमागे लपतो, ज्या जमिनीवरून पळतो, त्या सगळ्यांवर वरून एकेक चित्र चिकटवलेलं असतं. ते चित्र नसेल तर भिंत म्हणजे नुसता करडा ठोकळा. मी दगडाचे, लाकडाचे, मातीचे फोटो काढते, ते साफ करते आणि त्यांची अशी चित्रं बनवते की ती एकापुढे एक कितीही लावली तरी सांधा दिसू नये. गेम खेळणाऱ्याने माझं काम कधी बघू नये अशीच अपेक्षा असते. त्याने थांबून जमिनीकडे बघितलं, तर माझं काहीतरी चुकलंय असं समजायचं.

मी मूळची साताऱ्याची. लग्न होऊन रत्नागिरीत आले. नवरा मालवाहू जहाजावर असतो, म्हणजे बहुतेक वेळ नसतोच. घरात सासूबाई आणि मी. माझी कंपनी पुण्याची. त्यांच्या नव्या गेममध्ये कोकणातलं एक गाव आहे, आणि त्या गावातल्या सगळ्या जमिनी आणि भिंती माझ्या गळ्यात पडल्या, कारण माझी लीड म्हणाली, "तू तिथेच राहतेस, तुला काय, दाराबाहेर गेलीस की झालं." लीड म्हणजे माझं काम तपासणारी, माझ्याच वयाची, भयंकर चौकस मुलगी. तिला कोण सांगणार की दाराबाहेर गेलं की माझा जास्तच गोंधळ उडतो. जांभ्या दगडाचा फोटो काढला तर त्याच्या भोकांमुळे ती भिंत स्क्रीनवर कीड लागल्यासारखी दिसते. ऊन असलं की सावल्या फोटोत येतात, ढग आले की मी कॅमेरा घेऊन पळत सुटते, आणि मी पळताना दिसले की काकू ओरडून विचारतात, "कपडे काढायचेत का गो?"

त्या गावासाठी मला सगळ्यात आधी लागलं ते अंगण. इथे पावसाळा संपला की अंगण नव्याने करतात, त्याला खळं म्हणतात. पावसाने उखडलेली माती खणायची, पाणी मारायचं, लाकडी चोपण्याने बडवून सपाट करायची आणि वर शेणाने सारवायचं. खणायला, चोपायला गडी येतात. सारवण मात्र सासूबाईंचं. खाली बसून त्या हाताने अर्धगोल फेर काढत मागे मागे सरकत जातात, आणि वाळलं की सगळ्या खळ्यावर एकावर एक चढलेले फेर दिसतात. मला त्यात पाऊल टाकायलासुद्धा बंदी. "ओलं आहे गो, पाय उमटतील," एवढंच मी लग्न झाल्यापासून ऐकत आले आहे.

आणि या खळ्यावरूनच आमच्या घरात भांडण होतं. गेल्या सुट्टीत नवऱ्याने जाहीर केलं की आता खळं बास, आईने वाकून वाकून किती वर्षं सारवायचं, सरळ पेव्हर ब्लॉक घालू. लांज्याच्या एका माणसाशी तो बोलूनही आला होता. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. शेवटी त्या म्हणाल्या, "माझा हात चालतो आहे तवर खळं राहणार. हात थांबला की घाल तुझी लादी, मी चकार शब्द बोलणार नाय." तो म्हणाला, ठरलं. दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली, म्हणजे मी साक्षीदार झाले. नंतर तो गेला जहाजावर आणि साक्षीदार राहिली इथे.

गेल्या वर्षीच्या खळ्याचं मी केलेलं टेक्श्चर पुण्याला फार आवडलं होतं. त्यावर गावाचा अर्धा भाग बांधून झाला. यंदा गाव वाढवायचं ठरलं आणि आणखी फोटो हवे झाले. दसरा झाला, खळं तयार झालं, मी एका ढगाळ सकाळी स्टुलावर चढून फोटो काढले. त्यातलं वाळकं पान, कोंबडीची पावलं, एक बटण असं सगळं पुसलं, कारण असली एखादी खूण राहिली की ती दर चार पावलांवर पुन्हा दिसते आणि खेळणाऱ्याला कळतं की आपल्याला फसवलंय. कडा जुळवल्या आणि पाठवून दिलं.

दुसऱ्याच दिवशी लीडचा फोन. "अगं, ही जमीन बघून गरगरतंय मला."

"म्हणजे?"

"म्हणजे जुनी आणि नवी शेजारी लावली की काहीतरी विचित्र दिसतंय. काय ते सांगता येत नाही. तू इमेज उलटी केलीस का?"

मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, बघ जरा. मी बघितलं. खरंच, दोन्ही जमिनी शेजारी लावल्या की डोळे तिरळे होत होते. रंग तोच, माती तीच, तरी जणू दोन शेजारणी एकमेकींकडे पाठ करून बसल्या होत्या.

आता या कामात एक जुनी भानगड असते. जमीन कुठे उंच आणि कुठे खोल हे संगणकाला एका निळ्या-जांभळ्या चित्रातून सांगावं लागतं, आणि त्यातला एक रंग उलटा पडला की खड्ड्यांचे उंचवटे होतात, उंचवट्यांचे खड्डे. माझं हे नेहमी चुकतं. म्हणून मी आधी तो रंग उलटा केला. खळं फुगल्यासारखं दिसायला लागलं. पुन्हा सुलटा केला. मग उजेडाची दिशा बदलली. मग वाटलं, फोटो काढताना मीच उलट्या बाजूला उभी असेन, म्हणून फोटो फिरवला. आडवा केला, पुन्हा फिरवला, काही केल्या जुळेना. आरशात दिसतो तसा डावा-उजवा केला की मात्र दोन्ही जमिनी लगेच एकमेकींत मिसळायच्या. म्हणजे मी तो कुठेतरी उलटा केला असणार. पण मूळ फोटो उघडला तर तोही तसाच. मला कॅमेऱ्याचा संशय आला, मग माझा. आपण दमलोय, आपल्याला डावं-उजवं कळेनासं झालंय, असं मला खरंच वाटायला लागलं. जेवायला बसले तेव्हा कुठल्या हाताने जेवते ते मी बघून घेतलं.

शेवटी लॅपटॉप उचलून बाहेर गेले आणि खळ्यावर उकिडवी बसले. एकदा स्क्रीनकडे, एकदा जमिनीकडे. हाताचा फेर जिथे संपतो तिथे बोटांशी शेणाची एक बारीक कड राहते. गेल्या वर्षीच्या फोटोत ती कड प्रत्येक फेराच्या उजव्या टोकाला होती. माझ्या पायाखालच्या खळ्यावर ती डाव्या टोकाला होती. माझा फोटो बरोबर होता. जमीनच उलटी होती.

"काय शोधतेस गो?" सासूबाई पडवीतून म्हणाल्या. "काय पडलं तुझं?"

"काही नाही आई, फेर बघतेय. यंदाचे फेर वेगळे आलेत ना?"

एरवी त्यांनी मला दोन शब्द सुनावले असते, की शेणाकडे बघायचा पगार मिळतो काय तुला. त्या काही न बोलता आत गेल्या. मला ते खटकलं, पण त्याचा अर्थ लागला नाही. मी आपली विचार करत बसले की यंदा माती वेगळ्या बाजूने चोपली असेल, शेण पातळ झालं असेल, त्यांनी दुसऱ्या कोपऱ्यातून सुरुवात केली असेल. दुसऱ्या कोपऱ्यातून केली तरी फेर उलटे होत नाहीत, हे मी आत्ताच फोटो फिरवून फिरवून सिद्ध केलं होतं. तरी पुन्हा तिथेच.

तुळशीचं लग्न आठ-दहा दिवसांवर आलं, तेव्हा खळं पुन्हा सारवायचं होतं. सासूबाई हे काम सकाळी मी अंथरुणात असतानाच उरकतात. त्या दिवशी मी मुद्दाम लवकर उठले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहिले. त्या तुळशीपाशी बसल्या होत्या. शेणकाल्याची बादली डावीकडे. उजवा हात पोटाशी धरलेला, पदराखाली, जसं एखादं पिल्लू धरावं. आणि डाव्या हाताने त्या फेर काढत होत्या. एक फेर काढला की थांबायच्या, श्वास घ्यायच्या आणि मागे सरकायच्या.

मला आधी आलं ते रडू नाही, राग आला. या बाईने मला वेडं करून सोडलं होतं. मी संगणक तपासला, कॅमेरा तपासला, स्वतःचे हात तपासले, आणि ही रोज माझ्यासमोर बसून डाव्या हाताने चहा पीत होती. मी बाहेर गेले.

"आई, उजव्याला काय झालंय?"

त्या दचकल्या. "काय नाय. झोपले वाटतं त्याच्यावर."

"दसऱ्यापासून त्याच्यावर झोपताय?"

त्यांनी हात बादलीत घातला. बराच वेळ काला ढवळला. "श्रावणापासून वर जात नाय गो," त्या म्हणाल्या. "खांद्यात धरतो. इथवर येतो, पुढे नाय. केस विंचरताना कळ येते, जीव जातो."

"मग मला सांगायचं ना!"

"तुला सांगितलं असतं तर तू त्याला सांगितलं असतंस. तो लगेच लांज्याला फोन करणार. माझंच बोलणं आहे ना, हात थांबला की घाल." आणि मग आवाज उतरवून म्हणाल्या, "आणि डाव्या हाताने तुळशीपुढे सारवतेय, हे सांगू कुणाला? तुळस मला काय म्हणत असेल."

याच बाईने मी एकदा डाव्या हाताने निरांजन उचललं तेव्हा काकूंच्या देखत माझा हात खाली केला होता. आता तिच्या डाव्या हाताला शेण लागलेलं, आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. मी म्हटलं, "तुळस काही म्हणत नाही, उठा." त्या म्हणाल्या, "अर्धं राहिलंय." मी म्हटलं, मी करते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "नको गो बाय," त्या म्हणाल्या, "आहे ते बरं आहे." आणि उरलेलं त्यांनीच पुरं केलं. मी बादली सरकवायला राहिले.

डॉक्टरकडे यायला त्या तयार झाल्या, पण जहाजावर अवाक्षर कळता कामा नये या अटीवर. डॉक्टरांनी हात इकडे तिकडे फिरवून बघितला आणि सांगितलं की खांदा आखडलाय, मोठं काही नाही, व्यायाम करा, सुटेल. कधी सुटेल? ते सांगता येत नाही म्हणाले. बोटं भिंतीवरून मुंगीसारखी वर चढवायची, जिथे दुखेल तिथे थांबायचं. तेव्हापासून सासूबाई पडवीच्या भिंतीशी तोंड करून उभ्या राहायच्या आणि बोटं चढवायच्या. ती बोटं त्यांच्या गळ्याच्या वर काही जायची नाहीत.

आणि मी मधल्या मधे लटकले. नवऱ्याला सांगावं तर ही बाई पुन्हा जेवणार नाही. न सांगावं तर उद्या हात आणखी बिघडला की तोच मला विचारणार, तू घरात असून बघत काय होतीस? त्याचंही खोटं नव्हतं, आईला त्रास होऊ नये म्हणूनच तर तो लादी घालायला निघाला होता. पण तिला ज्याचा त्रास होत होता ते खळं नव्हतं, लादी होती. की खळंच होतं? सकाळी मला वाटायचं की सांगून टाकावं, दुपारी वाटायचं की मेलं राहू दे. मी इतकी गोंधळले की एक दिवस गेममधल्या विहिरीला कौलांचं टेक्श्चर लावून पाठवलं. लीडने नुसतं एक प्रश्नचिन्ह पाठवलं.

खळ्याचं टेक्श्चर मात्र मी तोवर दुरुस्त केलं होतं. एक बटण दाबलं, फोटो डावा-उजवा झाला, जमिनी जुळल्या. लीड म्हणाली, "बघ, म्हटलं नव्हतं, तूच उलटी केली होतीस!" मी म्हटलं, हो, माझंच चुकलं.

त्यावरूनच मला ती हुशारी सुचली. तुळशीच्या लग्नाच्या दिवशी नवऱ्याने जहाजावरून लिहिलं, "खळ्याचा फोटो पाठव, आईने सारवलेलं बघू दे." तो याच खळ्यावर रांगलेला, त्याला ते फेर ओळखू येणारच. मी दारात उभं राहून फोटो काढला, तेच बटण दाबलं, तो डावा-उजवा केला आणि पाठवून दिला. फेर अगदी गेल्या वर्षीसारखे दिसत होते. मी स्वतःवर खूश झाले. नोकरीने मला एवढं बिघडवलंय की फोटोत मी जमिनीखेरीज काही बघतच नाही.

संध्याकाळी लग्न लागलं. काकू आणि वाडीतल्या बायका चिरमुरे घेऊन गेल्या, खळ्यावर ऊस आणि दिवे तेवढे राहिले. तेवढ्यात त्याचा व्हिडिओ कॉल आला. जहाज बंदराला लागलं होतं. मागे वारा घोंगावत होता.

"तुळस कधी हलवली?" त्याने विचारलं.

"तुळस कशाला हलवू?"

"फोटोत तुळस उजवीकडे आहे आणि विहीर डावीकडे."

मी म्हटलं, "फोन कधीकधी तसा काढतो."

"असेल," तो म्हणाला. "म्हणून मी तो सुलटा करून बघितला. फेर बघितले. आईला दे."

सासूबाई शेजारीच बसल्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी फोन त्यांच्यासमोर धरला.

"आई, हात कसा आहे?"

"कुठला?"

"उजवा."

"त्याला काय झालंय? चांगला आहे."

"वर करून दाखव बघू."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी फोन तसाच धरून ठेवला. मग त्यांनी पदर सारखा केला आणि हात वर केला, ताठ, सरळ आभाळाकडे, बांगड्या घसरून कोपराशी येईपर्यंत. डावा.

"हा बघ," त्या म्हणाल्या.

"आई, हा डावा आहे."

"उजवा आहे. फोनात उलटं दिसतं. तुझ्या बायकोचं हेच काम आहे, तिला विचार."

उजव्या मनगटावर सासूबाईंच्या गोंदण आहे, लहानपणी जत्रेत गोंदवलेले हिरवे ठिपके. तो लहान असताना त्यावर बोट ठेवून ठिपके मोजायला शिकला, असं त्यानेच मला सांगितलेलं. वर केलेल्या हातावर एकही ठिपका नव्हता. तो ते बघत होता, आणि तो बघतोय हे मला दिसत होतं. फोनात आपल्याला स्वतःचं चित्र आरशासारखं दिसतं, समोरच्याला मात्र सुलटंच दिसतं. हे मला माहीत नसेल तर कुणाला असेल?

"काय गं," त्याने मला विचारलं. "उलटं दिसतं?"

"हो," मी म्हटलं. "उलटं दिसतं."

त्याने तोंड बाजूला फिरवलं.

"बरं," तो म्हणाला. "लांज्याला कळवतो मग, लादी नको म्हणून." सासूबाईंचा हात अजून वरच होता, त्या हलल्याही नव्हत्या. "हात खाली घे आता, आई. दुखेल."

"हा नाय दुखत," त्या म्हणाल्या.